तंबूसाठी जागा भाड्याने देताय? मग यजमान म्हणून काय काय पुरवायला हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वतःच्या मालकीची मोकळी जमीन आहे, थोडी झाडी आहे, कडेने ओढा वाहतो. लोक आपापले तंबू घेऊन येतील, आपण फक्त जागा भाड्याने द्यायची. चार-पाच तंबू लागतील एवढीच तयारी करायची आहे. कोणी सांगतं वीज, वायफाय आणि गरम पाणी असल्याशिवाय कोणी येणार नाही. कोणी सांगतं जागा दाखवा आणि बाजूला व्हा. खरं काय धरायचं?

बरीच वर्षं अशा जागा आखणं, उभ्या करणं आणि चालवणं हेच माझं काम आहे. त्यातून पक्की झालेली एक कसोटी सांगतो. पाहुण्याला पाठीवरच्या बॅगेत किंवा गाडीच्या डिकीत जे आणता येत नाही, ते पुरवणं यजमानाचं काम. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, बॅटरी हे सगळं तो घेऊन येईल. पण सपाट कोरडी जमीन, पुरेसं पाणी, स्वच्छ संडास, संकटात आसरा घ्यायला आणि बाहेर पडायला वाट, आणि जागेविषयीची खरी माहिती या गोष्टी तो आणू शकत नाही. एवढ्या पाच गोष्टी चोख दिल्या तर वायफाय नसल्याची तक्रार सहसा कोणी करत नाही. यातली एक जरी ढिली पडली, तर बाकीच्या सोयी कितीही असोत, पाहुणा पुन्हा येत नाही.

सुरुवात जमिनीपासून, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. ‘एवढी मोठी जागा आहे, कुठेही लावा’ असं म्हणणं म्हणजे आपलं काम पाहुण्यावर ढकलणं. प्रत्येक तंबूची जागा आखून, साफ करून, नंबर घालून द्यायची. दोन माणसांच्या तंबूचा तळ छोटा दिसतो, पण पुढची पडवी आणि चारी बाजूंनी ताणलेल्या दोऱ्या धरल्या की चार मीटर बाय चार मीटर जागा लागतेच. कुटुंबाच्या मोठ्या तंबूला सहा बाय सहा मोजा. उतार अगदी हलका हवा, मीटरमागे एक ते दोन सेंटीमीटर. अगदी सपाट जागेत पाणी साचतं, आणि उतार जास्त झाला की झोपलेला माणूस रात्रभर घसरत राहतो. जागा तयार झाली की स्वतः पाठ टेकून पडा, चारही दिशांना डोकं करून बघा. उभं राहून न दिसलेला दगड, मुळाचा उंचवटा, बारीक खड्डा असा लगेच कळतो.

मग एक खुंटी ठोकून बघा. ती अर्ध्यावर वाकली तर खाली कातळ आहे किंवा माती फार घट्ट आहे. अशा ठिकाणी दोऱ्या बांधायला पक्के लोखंडी कडे बसवून द्या, नाहीतर कड्या असलेला लाकडी ओटा करा. खुंटी दोन बोटांनी उपसून येत असेल तर माती भुसभुशीत आहे. तिथे लांब खुंट्या आणि वजनदार दगड हाताशी ठेवा. सगळ्या जागांना मिळून एक लाकडी हातोडा ठेवलात तरी पुष्कळ झालं, तो विसरून येणारे पुष्कळ असतात. पृष्ठभाग म्हणून दाबलेला बारीक मुरूम मला सगळ्यात आवडतो: पाणी मुरतं, चिखल होत नाही. गवत दिसायला छान, पण त्याच चौकोनात रोज तंबू लागला की पिवळं पडून मरतं. गवतच ठेवायचं असेल तर जागा आलटून पालटून वापरायला लागतील, म्हणजे चार तंबूंसाठी सहा जागा तयार हव्यात.

खोलगट जागा टाळा, मग ती कितीही आडोशाची वाटो. पावसाचं पाणी तिथे येतंच, शिवाय थंड हवा जड असल्यामुळे रात्री उताराने खाली येऊन तिथेच साठते. ओढ्याकाठच्या खोलगट भागात पहाटे तंबू आतून ओला होतो, आणि तिथून थोडं वर चढलं की बराच फरक जाणवतो.

ओढ्याबद्दल जरा थांबून बोलतो. जाहिरातीत ओढ्याकाठचा तंबू फार गोड दिसतो आणि नेमकी तीच जागा सगळ्यात धोक्याची असते. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असताना वरच्या अंगाला पाऊस होतो आणि पाणी अंधारात वाढतं. ओढ्याची खरी हद्द पाण्याच्या कडेला नसते. काठाने चालत जा आणि झुडपांकडे बघा: फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, काटक्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या कुठपर्यंत आहेत? खोडांवर वाळलेल्या गाळाची रेघ किती उंचीवर आहे? मागच्या मोठ्या पुराचं पाणी तिथवर आलेलं असतं. तंबूची प्रत्येक जागा त्या रेघेच्या चांगलीच वर हवी, आणि तिथून आणखी उंचावर जायची वाट ओढा ओलांडून जाणारी नको. काठावर बसायला बाकडं ठेवा, झोपायची जागा वर द्या. पाणीही स्वच्छ राहतं. रानात मुक्काम करणारे पाण्यापासून साठेक मीटर दूर राहायचा शिरस्ता पाळतात, तोच इथेही चालेल.

आता वर बघा. वाळलेली, मोडून अडकून राहिलेली फांदी ज्या झाडावर आहे, त्याखाली तंबू नको. प्रत्येक वादळानंतर पुन्हा बघायचं. माणसं सावलीपुरतं झाड बघतात, फांद्या बघत नाहीत. ती नजर यजमानाकडे हवी.

दोन तंबूंमध्ये अंतर किती? कापडाची भिंत आवाज अडवत नाही, घोरणंही पलीकडे ऐकू जातं. दहा मीटरच्या आत तर नकोच. वीस-पंचवीस मीटर आणि मध्ये झुडपांची रांग असेल तर उत्तम. दारं समोरासमोर येऊ देऊ नका. खासगी जागा मुद्दाम शोधणारा माणूस गर्दी टाळायला आलेला असतो, म्हणून जास्तीचा तंबू कोंबून मिळणारं भाडं मी कधीच सुचवत नाही.

पाण्याचा हिशेब असा करा. आपत्तीतल्या मदतकार्यात माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी धरतात, त्यात पिणं, स्वयंपाक आणि जुजबी धुणं-आंघोळ येते. पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला त्याहून कमी देणं बरोबर नाही. आठ माणसं म्हणजे रोजचे एकशे वीस लिटर, वर थोडी शिल्लक. पाणी टाकून वापरायचा संडास असेल तर ते वेगळं. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि जोरदार पाऊस होऊन गेला की पुन्हा तपासा. नितळ दिसणारं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. क्लोरीन वापरत असाल तर अर्ध्या तासानंतर पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन राहिलेलं असावं. ते मोजायचे साधे किट मिळतात. आणीबाणीत उकळणं हा खात्रीचा उपाय: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं.

उघडं पिंप आणि त्यावर लटकवलेला मग नको. प्रत्येक हात त्यात बुडतो आणि सकाळी शुद्ध केलेलं पाणी संध्याकाळपर्यंत खराब होतं. झाकणाची टाकी, खाली तोटी, तोटीखाली खडीचा थर, म्हणजे चिखल होत नाही. पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं असेल तर दोन्ही तोट्यांवर ठळक अक्षरांत लिहा. धुण्या-भांड्यांच्या पाण्यासाठी एक ठरलेली जागा करा: दगडाचा ओटा, खरकटं अडकायला जाळी, पुढे शोषखड्डा. ती जागा नसली की लोक थेट ओढ्यावर भांडी घासायला जातात, आणि तो दोष त्यांचा नसतो.

संडासावर माझा सगळ्यात जास्त जोर असतो. पाहुणा घरी जाऊन आधी संडासाबद्दलच सांगतो. बायका आणि लहान मुलांना घेऊन आलेली माणसं तर बुकिंगच्या आधी हेच विचारतात, कधी स्पष्ट, कधी आडून. आठ-दहा माणसांमागे एक तरी हवा. तंबूपासून पन्नास मीटरच्या आत, पण वास आणि वर्दळ पोचणार नाही इतका बाजूला, आणि वाऱ्याच्या रोजच्या दिशेचा विचार करून. खड्ड्याचा संडास असेल तर विहीर किंवा ओढ्यापासून निदान तीस मीटर दूर. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर. भूजल उथळ असेल तर खड्डा खणूच नका. तिथे जमिनीवरचा, बंद टाकीचा कोरडा संडास चांगला चालतो.

कोरडा संडास लोकांना घाणेरडा वाटतो, कारण त्यांनी नीट न चालवलेला पाहिलेला असतो. वास येतो तो मुख्यतः ओलाव्यामुळे. शेजारी झाकणाच्या डब्यात लाकडाचा कोरडा भुसा आणि एक मोठा डाव ठेवा. प्रत्येक वापरानंतर भुशाने नीट झाकायचं. टाकीतून वर छतापलीकडे जाणारा एक जाड पाइप काढा, शक्यतो काळा, म्हणजे उन्हाने तापून हवा वर ओढतो, आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. आतला भाग थोडा अंधारा ठेवला की माश्या पाइपच्या टोकाच्या उजेडाकडे जातात आणि जाळीत अडकतात. धुणाऱ्यांसाठी पाण्याची वेगळी सोय आणि वेगळा निचरा द्यावाच लागतो, नाहीतर सगळं पाणी टाकीत जाऊन भुशाचा उपयोग संपतो. वापरायची पद्धत चार ओळींत, डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर लावा.

आतल्या बारीक गोष्टी बाहेरच्या बांधकामापेक्षा जास्त लक्षात राहतात. आतून घट्ट लागणारी कडी. कपडे आणि टॉर्च अडकवायला दोन खुंट्या. फोन ठेवायला फळी. सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा, आत पिशवी घातलेला डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. टॉयलेट पेपर ओला होणार नाही अशा डब्यात. आणि हात धुवायची सोय दारातून बाहेर पडताच चार पावलांवर: तोटीचा कॅन, साबण, खाली बादली. हात धुवायला तंबूपर्यंत परत जावं लागणार असेल तर निम्मे लोक धुणार नाहीत. पाहुणे असताना दिवसातून दोनदा साफसफाई, त्यात एक संध्याकाळी उजेड असताना.

रात्री तंबूतून संडासापर्यंत जायची वाट स्वतः अंधारात चालून बघा. वाटेवर दुसऱ्याच्या तंबूची दोरी येता कामा नये. कडेने गुडघ्याएवढ्या उंचीचे खुंट आणि त्यांवर टॉर्चच्या उजेडात चमकणारी पट्टी एवढं पुरतं. झगझगीत दिवे लावू नका. लोक तारे बघायला येतात, आणि पांढऱ्या उजेडावर किडेही जास्त येतात. लागतीलच तिथे पिवळसर, खाली तोंड असलेले मंद दिवे द्या.

शेकोटी द्यायची की नाही हे आधी कायदा ठरवतो, मग हवामान, मग तुम्ही. द्यायची असेल तर दगडाचं किंवा लोखंडी कडं घातलेली ठरलेली जागा हवी, तंबूंपासून निदान चार-पाच मीटर, वर फांद्या नाहीत, आजूबाजूचं वाळकं गवत खरवडून काढलेलं. लाकूड तुम्हीच पुरवा, जवळपासचं आणि वाळलेलं. पाहुण्यांना गोळा करायला सांगितलं तर एका हंगामात आसपासची जमीन उघडी पडते, आणि लांबून आणलेल्या सरपणाबरोबर झाडं पोखरणारे किडे येतात. शेजारी पाण्याने भरलेली बादली आणि फावडं कायम. विझवायची रीत लिहून लावा: पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, मग हाताचा पंजा जवळ नेऊन ऊब उरली नाही याची खात्री करा. माती लोटून निखारे विझत नाहीत. आत तासन्‌तास धगधगत राहतात आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी मुलाचा पाय त्यावर पडतो. वारा सुटला असेल तर आज शेकोटी नाही, हे सांगायचा अधिकार तुमचा. बुकिंग घेतानाच तसं लिहा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

एक सूचना मात्र प्रत्येक पाहुण्याला तोंडी आणि लेखी द्या: निखाऱ्यांची शेगडी किंवा पेटता स्टोव्ह तंबूत न्यायचा नाही, थंडी कितीही असली तरी. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. धुमसत विझत आलेली शेगडी लोकांना निरुपद्रवी वाटते, पण ती तितकीच जीवघेणी असते. थंडीच्या दिवसांत जास्तीची ब्लँकेट देण्यासाठी तयार ठेवा. पर्याय दिला की नियम पाळला जातो.

विजांच्या कडकडाटात तंबू काहीही संरक्षण देत नाही, आणि चार खांबांवरचं उघडं छप्परही नाही. चारी बाजूंनी बंद पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी, हेच आसरे. म्हणून पाहुण्यांना लगेच पोचता येईल असं एखादं पक्कं घर हवं, नाहीतर गाड्या तंबूंजवळ उभ्या करायला जागा द्या. गडगडाट ऐकू आला की आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. घराचं दार त्या वेळी उघडं असेल, मध्यरात्री असलं तरी, हे आधीच सांगून ठेवा. पाहुणे संकोचतात. एका जागेच्या पाहणीत मी पाहिलं होतं: घर हाकेच्या अंतरावर, आणि पावसात भिजलेलं कुटुंब ‘झोपमोड कशाला करायची’ म्हणून रात्रभर ओल्या तंबूत बसून होतं. यजमान सकाळी हळहळला, पण ये म्हणून सांगितलेलंच नव्हतं.

आणीबाणीचा कागद एका पानाचा असू द्या, प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येक जागेवर टांगलेला. त्यावर जागेचे अक्षांश-रेखांश, रुग्णवाहिकेला सांगायचा रस्ता, सर्वांत जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय, तुमचा रात्री उचलला जाणारा फोन. नेटवर्क कुठे मिळतं तेही लिहा. ‘फाटकाजवळच्या टेकाडावर’ असं नेमकं. सापांचा वावर असेल तर: चावलेला अवयव हलवू नका, घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका, सरळ रुग्णालय. प्रथमोपचाराची पेटी कुलपात नको. आणि फाटक रात्री बंद करत असाल तर आतून उघडता आलं पाहिजे.

खाणं आणि कचरा यांना झाकण हवं. कडी लागणारी पत्र्याची पेटी प्रत्येक जागेवर ठेवा, म्हणजे खाण्याच्या वासाने प्राणी तंबू फाडायला येत नाहीत. कचरा पाहुण्यांनी परत न्यायचा की तुम्ही गोळा करायचा, हे आधी ठरवून सांगा. टेबल आणि बाकडी मात्र जरूर द्या. जास्तीच्या सोयींत पहिला खर्च करायचा तर मी तिथे करतो, कारण जमिनीवर उकिडवं बसून दोन दिवस स्वयंपाक करणं मोठ्या माणसांना जड जातं. चार्जिंगची सोय घरात एका जागी दिली तरी पुरते. बाहेर वीज न्यायचीच असेल तर उघड्यावर चालणारी फिटिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर, दोन्ही हवेच. शक्य असेल तर एक जागा गाडीतळाला लागून, कडक सपाट वाटेची ठेवा, व्हीलचेअर किंवा काठी घेऊन येणाऱ्यासाठी. तिथून संडासापर्यंतही तशीच वाट हवी.

तंबूही तुम्हीच देणार असाल तर ते वेगळं काम आहे: प्रत्येक मुक्कामानंतर पूर्ण वाळवणं, शिवणी तपासणं, गाद्यांची स्वच्छता, आणि उन्हाने कापड विरत जातं म्हणून ठरावीक काळाने नवे घेणं. ओला तंबू एकदा घडी करून ठेवला की बुरशीचा वास जात नाही. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

जाहिरातीत काय नाही तेही लिहा: आंघोळीला गरम पाणी नाही, नेटवर्क अधूनमधून, शेवटचा रस्ता कच्चा, सकाळी शेजारच्या शेतातलं इंजिन चालू होतं. माणूस गैरसोयीला तयार होऊन आला की तक्रार करत नाही. जागेचे फोटो माणसाच्या नजरेच्या उंचीवरून काढा, आणि उन्हाळ्यातली जमीन व पावसातली जमीन दोन्ही दाखवा. नकाशाच्या ॲपवर शेवटचं वळण चुकतंच, म्हणून तिथले तीन-चार फोटो खुणांसह पाठवा आणि उजेड असताना पोचायला सांगा. किती गाड्या, कुत्रं चालेल का, आवाज किती वाजता बंद, हे बुकिंगच्या वेळीच.

परवानगी आणि विमा यांचे नियम जागोजागी वेगळे आहेत, त्यामुळे पहिली जाहिरात टाकण्याआधी दोन्हीकडे लेखी विचारा. घराच्या साध्या विम्यात पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांची जबाबदारी बहुधा धरलेली नसते.

तुमच्या जागेपुरतं सांगायचं तर पाच जागा एकदम उघडू नका. ओढ्यापासून वरच्या, झाडांच्या कडेच्या दोन जागा निवडा, संडास आणि पाण्याची टाकी आधी उभी करा, आणि एका रात्री स्वतः घरच्यांबरोबर तिथे मुक्काम करा, मुद्दाम अंधार पडल्यावर पोचून. जे सापडत नाही, जिथे ठेच लागते, ते सगळं लिहून काढा. मग एक जोरदार पाऊस होऊ द्या, आणि तो चालू असतानाच छत्री घेऊन पाणी कुठून वाहतंय ते बघून या. बाकीच्या तीन जागा त्यानंतर आखा.